एकच प्रिंटर, एकच लेबलचं पान, पण प्रत्येक कॉम्प्युटरवरून पत्ते वेगळ्याच जागी छापले जातात

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या पतसंस्थेत सध्या वार्षिक सभेची धांदल सुरू आहे. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि नोटीस त्याआधी १४ पूर्ण दिवस सभासदांना गेली पाहिजे, त्यामुळे अहवालाची पाकिटं तयार करायला हातात फार वेळ उरत नाही. पत्त्यांची लेबलं आम्ही ऑफिसातच छापतो. ए-फोर आकाराचं चिकट पान, त्यावर तीन उभ्या आणि आठ आडव्या रांगा, म्हणजे २४ लेबलं. प्रिंटर एकच आहे, नेटवर्कवर जोडलेला लेझर. कॉम्प्युटर मात्र चार, आणि सगळी गोची तिथेच आहे.

मॅनेजर साहेबांच्या कॉम्प्युटरवरून छापलं की पत्ता बरोबर लेबलच्या मधोमध येतो. तीच पीडीएफ काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून दिली की वरच्या रांगेतले पत्ते खाली घसरतात आणि तळाच्या रांगेतले वर चढतात. अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवरून सगळंच्या सगळं वर सरकतं, पत्त्याची पहिली ओळ चक्क वरच्या लेबलवर जाते. यंदा घेतलेल्या नव्या कॉम्प्युटरवर पीडीएफ न घेता वर्डची फाइल उघडून छापतात. तिथे पहिल्या दोन-तीन रांगा ठीक येतात, मग पत्ते खाली खाली जात राहतात, आणि प्रत्येक पानावर हे घसरणं वेगळ्याच रांगेपासून सुरू होतं.

सर्व्हिसला आलेल्या माणसाने प्रिंटर साफ केला आणि रोलर बदलायला सांगितला. मला ते पटत नाही, कारण साहेबांच्या कॉम्प्युटरवरून तोच प्रिंटर अगदी नीट छापतो. ऑफिसात यावर तोडगा म्हणून टेम्प्लेटच्या चार प्रती झाल्या आहेत, ‘काउंटर’, ‘अकाउंट्स’ अशा नावांच्या, प्रत्येकीत मार्जिन वेगळं. कुठली प्रत कुठून छापायची ते कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि लेबलची पानं वाया जातात. मूळ दुखणं शोधायचं कसं?

इचलकरंजीकर

ताई, रोलर बदलू नका. मी प्रिंटर दुरुस्तीचंच काम करतो. झिजलेला रोलर कॉम्प्युटर बघून चुका करत नाही, तो सगळ्यांचीच पानं सारखी बिघडवतो. खात्री करायची असेल तर एकाच कॉम्प्युटरवरून साध्या कागदावर तेच पान लागोपाठ पाच-सहा वेळा काढा आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. अक्षरं एकमेकांवर बसली तर कागद ओढण्यात काही दोष नाही. प्रत्येक पान वेगळं आलं किंवा तिरकं आलं तरच ट्रेमधल्या पट्ट्या, रोलर, कागद असं बघायचं.

आणि त्या टेम्प्लेटच्या चार प्रती आधी एका फोल्डरमध्ये टाकून बाजूला ठेवा. मार्जिन हलवून कुणीतरी दुखणं झाकलं आहे, त्यामुळे मूळ कारण दिसेनासं झालंय. साहेबांच्या कॉम्प्युटरवर नीट छापणारी फाइल तेवढी खरी धरा.

स्टीलपट्टी

तुमच्या वर्णनातच उत्तर दडलंय. काउंटरवर वरचं खाली आणि खालचं वर. अकाउंटंटकडे सगळं सारखंच वर. नव्या कॉम्प्युटरवर पुढे पुढे वाढत जाणारी घसरण. हे एकच दुखणं तीन ठिकाणी दिसतंय असं सगळे समजतात म्हणून ते सुटत नाही. माझ्या मते ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. पण आधी मोजा. मोजल्याशिवाय एकही सेटिंग हलवू नका.

साहेबांच्या कॉम्प्युटरवर वर्डमध्ये ए-फोरचं कोरं पान घ्या. त्यावर एक उभी रेघ काढा, कागदाच्या वरच्या कडेपासून २० मिमी अंतरावर सुरू होणारी आणि २५० मिमी लांब. एक आडवी रेघ १८० मिमीची, बरोबर मधोमध. रेघेची लांबी आणि जागा हाताने ओढून ठरवू नका, आकडे टाकून ठरवा. त्याची पीडीएफ करा. ती एकच पीडीएफ चारही कॉम्प्युटरवरून, साध्या ए-फोर कागदावर, एरवी जसं छापता तसंच छापा. कुठलंही बटण मुद्दाम बदलू नका. प्रत्येक कागदाच्या पाठीवर कॉम्प्युटरचं नाव लिहा. मग स्टीलच्या पट्टीने तीन गोष्टी मोजा: उभी रेघ किती मिमी भरली, ती वरच्या कडेपासून किती अंतरावर सुरू झाली आणि आडवी रेघ दोन्ही कडांपासून किती आत आहे. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी नको. त्यांच्या टोकाला शून्याच्या आधी थोडी जागा सोडलेली असते आणि इथे आपण मिलीमीटर मोजतोय.

रेघेची लांबी बदलली असेल तर कुणीतरी पान लहान-मोठं करतंय. लांबी बरोबर पण जागा चुकली असेल तर पान सरकतंय. रेघ तिरकी असेल तर कागद तिरका जातोय. आणि सगळंच बरोबर आलं तरी लेबलं चुकत असतील, तर दोष छपाईत नाही, तुमच्या फाइलमध्ये आहे.

एडिसनवासी

मी अमेरिकेत असतो, इथल्या महाराष्ट्र मंडळाची टपालाची कामं बरीच केली आहेत. तुमच्या अकाउंटंटच्या कॉम्प्युटरबद्दल वाचल्यावर पहिला संशय कागदाच्या आकाराचा आला. इथे ए-फोर नसतोच, सगळीकडे लेटर आकार, साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे २१५.९ × २७९.४ मिमी. ए-फोर २१० × २९७ मिमी. लेटर रुंदीला जवळजवळ ६ मिमी जास्त आणि उंचीला १७.६ मिमी कमी. नुसत्या नजरेला फरक कळत नाही, लेबलवर मात्र लगेच कळतो.

ए-फोरचं मूळ १९२२च्या जर्मन प्रमाणकात आहे. जगभर तो पसरला, अमेरिका आणि कॅनडाने मात्र घेतला नाही. बरंचसं सॉफ्टवेअर इकडे तयार होतं, म्हणून विंडोज बसवताना प्रदेश युनायटेड स्टेट्स ठेवला गेला की कागदही गुपचूप लेटर होऊन बसतो. सेकंडहँड किंवा घाईत तयार करून दिलेल्या कॉम्प्युटरवर हे हमखास आढळतं. अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये कागद कुठला निवडलाय ते पाहा. छापताना प्रिंटरच्या स्क्रीनवर ‘लेटर कागद घाला’ असा काही संदेश येतो का?

कृष्णाकाठ

हो! संदेश येतो. अकाउंटंट दादा गेली कित्येक वर्षं तो आला की ओके दाबतात आणि पुढे छपाई होते. साधी पत्रं छापताना काही बिघडत नाही, म्हणून कुणी लक्षच दिलं नव्हतं.

दुपारी चारही कॉम्प्युटरवरून ती रेघांची पीडीएफ छापली आणि मोजली.

साहेबांचा कॉम्प्युटर: उभी रेघ २५०, वरून २० मिमी.
काउंटर: उभी रेघ २४०, वरून २५. आडवी रेघ १७३च्या आसपास.
अकाउंट्स: उभी रेघ २५०, वरून ११.
नवा कॉम्प्युटर: उभी रेघ २५०, वरून २०, म्हणजे साहेबांसारखीच.

लागोपाठ काढलेली पानं काचेवर धरून पाहिली, ती जुळतात. रेघ कुठेच तिरकी नाही.

स्टीलपट्टी

फार छान मोजलंत ताई. आता एकेक घेऊ.

काउंटरवर २५० चे २४० झाले, म्हणजे पान ९६ टक्के झालं. हे प्रिंटर करत नाही, पीडीएफ छापणारा प्रोग्राम करतो. बहुतेक ऑफिस लेझर कागदाच्या कडेला साधारण ४ मिमी जागा छापू शकत नाहीत. प्रोग्रामला ‘फिट’ सांगितलं की तो अख्खं ए-फोर पान त्या आतल्या चौकटीत बसवतो. रुंदीत दोन्हीकडचे मिळून साडेआठ मिमी गेले, २१० चे उरले साडे-२०१, आणि ते झाले ९६ टक्के. पान मध्याकडे आकसतं, म्हणून मधल्या रांगा जागेवर राहतात, सगळ्यात वरची साधारण ५ मिमी खाली येते आणि सगळ्यात खालची तितकीच वर जाते. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये नेमकं हेच लिहिलं होतं.

इलाज: अ‍ॅडोबी रीडरमधून छापत असाल तर प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ किंवा ‘श्रिंक ओव्हरसाइज्ड पेजेस’ नको, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडा. पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडत असेल तर ‘मोअर सेटिंग्ज’ उघडून स्केल पाहा, तिथे १०० टक्के हवं. तुमच्या लेबलची छपाई पानाच्या कडेपर्यंत जात नाही, त्यामुळे फिट करायची मुळात गरजच नसते.

अकाउंट्सवर लांबी बरोबर, पण सगळं ९ मिमी वर. एडिसनवासींनी सांगितलेला १७.६ मिमीचा फरक आठवा, त्याचा निम्मा ८.८. प्रोग्रामने ए-फोर पान लेटरच्या मधोमध ठेवलं, वर-खाली प्रत्येकी ८.८ मिमी कापलं गेलं, आणि ते लेटर म्हणून ए-फोर कागदाच्या वरच्या कडेपासून छापलं गेलं. अर्ध्या फरकाइतकं सरकणं ही या दुखण्याची खूण आहे. ती दिसली की दुसरीकडे शोधायला जाऊ नका. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए-फोर करा, तो संदेशही बंद होईल.

नवा कॉम्प्युटर निर्दोष आहे. तिथली भानगड वर्डच्या फाइलमध्ये आहे. त्यावर इथे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत.

सर्व्हररूम

स्टीलपट्टींच्या निदानाशी पूर्ण सहमत. मी ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे सेटिंग बदलल्यावरही दुखणं परत का येतं ते सांगतो, कारण ते येतंच.

विंडोजमध्ये प्रिंटरची सेटिंग दोन ठिकाणी असतात. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ ही त्या वेळी लॉगिन केलेल्या माणसापुरती. आणि प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ असं बटण आहे, ती सगळ्यांसाठी. तुम्ही प्रेफरन्सेसमध्ये ए-फोर केलंत आणि उद्या दुसऱ्या कुणी स्वतःच्या नावाने लॉगिन केलं, की त्याच्याकडे पुन्हा लेटर. म्हणून डिफॉल्ट्समध्येही बदला. त्याला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो.

दुसरं, प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटर्सची यादी उघडून पाहा. एकाच प्रिंटरची दोन चित्रं दिसतात का? एक तुम्ही ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून बसवलेलं आणि दुसरं विंडोजने नेटवर्कवर सापडलं म्हणून आपणहून बसवलेलं, नावापुढे ‘कॉपी १’ किंवा तत्सम काही. दोघांचे ड्रायव्हर वेगळे असू शकतात आणि सेटिंग तर वेगळी असतातच. माणूस एकात सुधारणा करतो आणि छापतो दुसऱ्यातून. जास्तीचं चित्र काढून टाका. त्याचबरोबर ‘विंडोजला माझा डिफॉल्ट प्रिंटर ठरवू द्या’ हा पर्याय बंद करा. तो चालू असला की शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. वर्ड मजकुराची मांडणी करताना निवडलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर विचारात घेतो, त्यामुळे तो पायाच हलता नको. चारही ठिकाणी एकच ड्रायव्हर, एकाच आवृत्तीचा, असेल तर उत्तम.

वर्डमध्येही एक जागा आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे खाली प्रिंटच्या भागात ‘स्केल कंटेंट फॉर ए-फोर ऑर साडेआठ बाय अकरा इंच पेपर साइझेस’ अशी एक खूण असते आणि ती मुळातच चालू असते. पत्रांसाठी ती सोयीची आहे. लेबलांसाठी नाही, कारण पान आणि प्रिंटरचा कागद वेगळा असला की ती न विचारता आकार बदलते आणि फाइलमध्ये मात्र काहीच दिसत नाही. चारही कॉम्प्युटरवर ती काढा. आकार चुकलाच तर तो उघड दिसू दे.

आता नवा कॉम्प्युटर. पत्ते मराठीत आहेत का? फॉन्ट कुठला?

कृष्णाकाठ

पत्ते मराठीतच आहेत, मंगल फॉन्टमध्ये. काही सभासदांचे पत्ते लांब आहेत, वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन असं सगळं धरून पाच ओळी होतात.

सर्व्हररूम

मग सापडलं. विंडोज १० पासून मंगल सगळ्या कॉम्प्युटरवर आपोआप येत नाही. निर्मला यूआय येतो. मंगल, कोकिळा, अपराजिता हे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या ऐच्छिक भागात गेले आहेत. कॉम्प्युटरवर मराठी किंवा हिंदी भाषा जोडली असेल तर तो भाग येतो, नसेल तर नाही. साहेबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो आहे, नव्यावर नसणार. वर्ड काही न बोलता दुसरा फॉन्ट वापरतो. यादीत नाव ‘मंगल’च दिसतं, अक्षरं दुसरी असतात. अक्षरांची रुंदी आणि ओळीची उंची बदलली, की काही पत्त्यांना एक ओळ जास्त लागते.

नुसतं एवढंच असतं तर तो एक पत्ता वाईट दिसला असता आणि बाकीचे ठीक राहिले असते. पण तुमच्या टेम्प्लेटमध्ये, मला वाटतं, रांगेची उंची ‘अ‍ॅट लीस्ट’ आहे. म्हणजे किमान इतकी, मजकूर वाढला तर रांगही वाढू दे. एक रांग वाढली की तिच्याखालच्या सगळ्या खाली सरकतात. लांब पत्ता ज्या रांगेत येईल तिथून घसरण सुरू होते, म्हणून प्रत्येक पानावर सुरुवात वेगळी.

तक्ता निवडा, टेबल प्रॉपर्टीज, रो, तिथे उंची लेबलच्या उंचीइतकी आणि ‘एक्झॅक्टली’ करा. वर्डच्या मेलिंग्जमधून लेबल तयार केलं तर ते आपोआप ‘एक्झॅक्टली’च येतं. साधा तक्ता कॉपी करून टेम्प्लेट केलेलं असलं की हा घोळ होतो. मग सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाकून घ्या. आणि छपाईसाठी पीडीएफच वापरा, तिच्यात फॉन्ट बरोबर जातात. रेघांच्या पीडीएफमध्ये तर अक्षरंच नव्हती, म्हणून नव्या कॉम्प्युटरवर ती बरोबर आली आणि वर्ड चुकलं.

एक खबरदारी. ‘एक्झॅक्टली’ केल्यावर जास्तीची ओळ लेबलच्या तळाशी कापली जाते. पत्त्यातली शेवटची ओळ पिनची असते, आणि पाकिटावर पिन नसणं ही लहान गोष्ट नव्हे. लांब पत्ते आधी वेगळे काढून त्यांचा फॉन्ट एका अंकाने कमी करा किंवा तालुका-जिल्हा एका ओळीत घ्या.

ग्रंथालय_वऱ्हाड

धागा वाचून आमचंही दुखणं मांडते. आम्ही ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं, वर्गांक आणि दाखल क्रमांक, एक्सेलमध्ये बनवतो. रकाने लेबलच्या मापाने आखलेले आहेत. माझ्या टेबलावर बरोबर छापतात, देवघेव काउंटरवर रुंदी बदलते. कागद ए-फोर, स्केल १०० टक्के, दोन्ही तपासलं.

सर्व्हररूम

मॅडम, एक्सेलचा रकाना मिलीमीटरमध्ये मोजलेलाच नसतो. त्याच्या रुंदीचं एकक म्हणजे त्या फाइलच्या ‘नॉर्मल’ शैलीतल्या फॉन्टच्या शून्य या अंकाची रुंदी. तो फॉन्ट एखाद्या कॉम्प्युटरवर नसेल तर शून्याची रुंदी बदलते आणि अख्खा तक्ता बदलतो. अलीकडच्या ऑफिसमध्ये नव्या फाइलचा फॉन्ट ऍप्टॉस नॅरो असतो, जुन्या ऑफिसमध्ये तो नसतो. त्यात भर म्हणजे स्क्रीनची स्केलिंग आणि प्रिंटरचा ड्रायव्हर यांनीही थोडा थोडा फरक पडतो. पाठीवरच्या लेबलसारख्या अरुंद कामात तो थोडा फरकही पुरे होतो.

एक्सेलमध्ये माहिती ठेवा, मांडणी नको. वर्डच्या मेल मर्जने, म्हणजे यादीतली माहिती आपोआप लेबलांत भरणाऱ्या सोयीने, त्याच यादीवरून लेबलं काढा, वर्डचा तक्ता खऱ्या मापात असतो. लिबर ऑफिस वापरत असाल तर त्यातही लेबलची सोय आहे.

स्टीलपट्टी

माप टाकताना एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात घ्या. पाकिटावर ‘६४ × ३४ मिमी’ असं ढोबळ लिहिलेलं असतं. २४ लेबलांच्या ज्या पानांवर एव्हरी या लेबल कंपनीचा एल ७१५९ क्रमांक असतो त्यांचं खरं माप ६३.५ × ३३.९ मिमी आहे. दशांशाचा फरक पहिल्या रांगेत दिसणार नाही, आठव्या रांगेपर्यंत तो पाऊण मिमीच्या घरात जातो. म्हणून एका लेबलचं माप घेऊ नका. पहिल्या लेबलच्या वरच्या कडेपासून आठव्या लेबलच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि सातने भागा. वर्डमध्ये ‘व्हर्टिकल पिच’ म्हणून जो आकडा मागतात तो हाच. रुंदीसाठी पहिल्या लेबलच्या डाव्या कडेपासून तिसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा आणि दोनने भागा. त्यात दोन लेबलांमधली फटही आपोआप धरली जाते.

हापूस_पेटी

आम्ही सीझनमध्ये आंब्याच्या पेट्या कुरिअरने पाठवतो. रोलवर छापणारा थर्मल प्रिंटर आहे, लेबल १०० × १५० मिमी. घरच्या लॅपटॉपवरून बरोबर, भावाच्या लॅपटॉपवरून दिलं की पहिलं लेबल बरं येतं आणि प्रत्येक पुढच्या लेबलला छपाई थोडी थोडी सरकत जाते. दहा-बारा लेबलांनंतर बारकोड कापला जातो. त्यालाही हेच लागू होईल का?

इचलकरंजीकर

रोलचं गणित वेगळं आहे दादा, पण मोजून सुटतं तसंच. प्रत्येक लेबलला चूक साठत जाते याचा अर्थ प्रिंटर लेबलमधली फट शोधतच नाहीये, नुसती लांबी मोजून कागद पुढे ढकलतोय. भावाच्या लॅपटॉपवर ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार ‘कंटिन्युअस’ झालेला असणार. तो ‘गॅप’ करा. शिवाय आकार ‘४ × ६ इंच’ निवडलेला असेल, म्हणजे १०१.६ × १५२.४ मिमी. तुमच्या रोलवर १५० मिमीचं लेबल आणि पुढे समजा ३ मिमीची फट, एकूण १५३. प्रिंटर १५२.४ ढकलतो, दर लेबलला ०.६ मिमी मागे. दहा लेबलांत ६ मिमी. तुमच्या वर्णनाशी हे जुळतं. आकार १०० × १५० मिमी असा स्वतः टाका. मग प्रिंटरचं कॅलिब्रेशन एकदा करा. बहुतेक मॉडेलना फीडचं बटण दाबून धरलं की ते दोन-तीन लेबलं पुढे काढून फट स्वतः ओळखतात, तुमच्या पुस्तिकेत नेमकी पद्धत दिलेली असेल.

कृष्णाकाठ

सगळ्यांनी सांगितलं तसं केलं, काय झालं ते लिहिते.

अकाउंटंट दादांच्या कॉम्प्युटरवर प्रिंटरची खरंच दोन चित्रं होती. जास्तीचं काढलं, डिफॉल्ट्समध्ये ए-फोर केलं. विंडोजचा प्रदेश अमेरिकेचा होता, तोही बदलून भारत केला. ओके दाबायचा संदेश आता येत नाही. काउंटरवर पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडत होती, तिथे अ‍ॅक्च्युअल साइज केलं. नव्या कॉम्प्युटरवर मंगल नव्हता, तो टाकला, आणि टेम्प्लेटमध्ये रांगेची उंची ‘एक्झॅक्टली’ केली. पिच सातने भागून काढला तो ३३.९ आला. रेघांची पीडीएफ पुन्हा छापली, चारही कॉम्प्युटरवर २५० आणि २०.

साध्या कागदावर पत्ते छापून कोऱ्या लेबलच्या पानावर ठेवले आणि खिडकीसमोर धरले. पत्त्याची चारही बाजूंची जागा सारखी दिसते. लांब पत्ते वेगळे काढले तेव्हा पिन कापले जाणारे बरेच निघाले, ती सूचना फार मोलाची ठरली.

दोन शंका उरल्या आहेत. लेबलचं पान आम्ही बाजूच्या उघडणाऱ्या ट्रेमधून देतो, तिथून चारही कॉम्प्युटरचं सगळं साधारण दीड मिमी उजवीकडे जातं. खालच्या मोठ्या ट्रेमधून जात नाही. यासाठी टेम्प्लेट हलवायची का? आणि काउंटरवर मुलं बदलत राहतात, कुणीतरी पुन्हा ‘फिट’ करेल ही भीती आहे.

सर्व्हररूम

दुसऱ्या शंकेचं आधी. पीडीएफलाच ‘मला लहान-मोठं करू नका’ असं सांगता येतं. अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅटच्या विकतच्या आवृत्तीत फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, अ‍ॅडव्हान्स्डखाली, पेज स्केलिंग ‘नन’ करून फाइल सेव्ह करा. मग रीडरमध्ये ती उघडली की छपाईची खिडकी अ‍ॅक्च्युअल साइजवरच सुरू होते. म्हणून काउंटरवर पीडीएफ ब्राउझरऐवजी रीडरमध्ये उघडेल असं ठेवा. अ‍ॅक्रोबॅट एकाच कॉम्प्युटरवर असलं तरी चालतं, फाइल तिथे तयार करून सगळ्यांना द्या.

इचलकरंजीकर

टेम्प्लेट हलवू नका ताई. चारही कॉम्प्युटरवरून सारखंच आणि एकाच ट्रेमधून सरकतंय, म्हणजे आता मात्र काम प्रिंटरचं आहे. आधी त्या ट्रेच्या दोन्ही पट्ट्या कागदाला अलगद टेकल्या आहेत का पाहा. सैल असल्या तर पान एका बाजूला जातं, घट्ट असल्या तर कागद वाकतो. तरीही राहिलं तर प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूमध्ये ट्रेनिहाय अलाइनमेंट असते. नाव कंपनीप्रमाणे वेगळं असेल, पण तो एक चाचणीचं पान छापतो, त्यावरची अंतरं बघून आडवा-उभा आकडा टाकायचा. प्रत्येक ट्रेचा आकडा वेगळा साठवला जातो. तिथे दीड मिमी भरून काढलं की चारही कॉम्प्युटरना आपोआप लागू होतं, आणि खालच्या ट्रेमधली पत्रं बिघडत नाहीत.

लेबल छापताना कागदाचा प्रकार ‘लेबल्स’ निवडा. त्याने प्रिंटर वेग आणि उष्णता त्या जाड पानाप्रमाणे ठेवतो. दोन्ही बाजूंना छापायचं सेटिंग बंद हवं, नाहीतर चिकट पान आतल्या वळणावळणाच्या वाटेने फिरतं. मागचं झाकण उघडून पान सरळ बाहेर काढायची सोय असेल तर तीच वापरा.

ग्रंथालय_वऱ्हाड

ज्या पानावर पाच-सहा लेबलं वापरून झाली आहेत आणि बाकीची कोरी आहेत, ती पानं पुन्हा प्रिंटरमध्ये घालता येतात का? आमच्याकडे अशी बरीच साठली आहेत.

इचलकरंजीकर

लेझरमध्ये नको मॅडम. जिथलं लेबल काढलं तिथे शेजारच्या लेबलची कड मोकळी होते. आत फ्यूजरची, म्हणजे टोनर कागदावर वितळवून पक्का करणाऱ्या भागाची, उष्णता लागली की ती कड उचलते आणि लेबल सुटून फ्यूजरला किंवा ड्रमला (ज्यावरून छपाई कागदावर उतरते त्या नळकांड्याला) चिकटतं. ते काढताना ड्रमवर ओरखडा आला तर पुढच्या प्रत्येक पानावर रेघ येते आणि ड्रम बदलावा लागतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या प्रिंटरमध्ये असे बरेच असतात. एका-दोन पुस्तकांपुरती लेबलं लागतात तेव्हा ती उरलेली पानं हाताने लिहायला घ्या, आणि छपाई पान पूर्ण भरेल इतकी पुस्तकं जमल्यावरच करा.